स्टावांगरला राहायला येताय? आधी कागद, मग कोट, मग बांगडे

आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सोला विमानतळावर उतरलो, तेव्हा माझ्या बॅगेत उणे वीसला चालतील असे दोन जाडजूड कोट होते. बॅगेचं निम्मं वजन त्यांनीच खाल्लं होतं. आता इथे सहा हिवाळे झाले आणि ते कोट अजून कोरे करकरीत आहेत. पहिल्याच संध्याकाळी छत्री उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या, जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली आणि पाच-साडेपाचला मिट्ट काळोख झाला. थंडी अशी नव्हतीच.

मी मूळची चिपळूणची. पाऊस मला कोणी शिकवू नये असा माझा तोरा होता. तो आठवडाभरात उतरला. म्हणून सांगते, स्टावांगरला येताना थंडीची धास्ती घेऊन येऊ नका. नवीन माणसाला इथे दमवतात तीन गोष्टी: वारा, अंधार आणि चुकीच्या क्रमाने केलेली कागदपत्रं. यातली शेवटची गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तीच देते.

नोकरीनिमित्त, विशेषतः तेलाच्या नाहीतर इंजिनीअरिंगच्या कामावर येणारी मंडळी आणि त्यांच्याबरोबर येणारा जोडीदार डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. कंपनी कर्मचाऱ्याला चार गोष्टी तरी सांगते, जोडीदाराला कोणीच काही सांगत नाही. नियम बदलत असतात, म्हणून परवान्याबाबत काहीही करण्याआधी यूडीआय या परदेशी नागरिक खात्याचं संकेतस्थळ एकदा उघडून बघाच.

## १. आधी नकाशा उघडा

पहिलं म्हणजे नाव. 'स्टॅव्हेंजर' म्हटलंत तर समोरचा क्षणभर गोंधळतो. 'स्टावांगर' म्हणा, तेही 'ग' जवळपास गिळून.

नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, रोगालान्द परगण्यात हे शहर आहे. वस्ती दीड लाखाच्या आसपास. दक्षिणेला सान्नेस शहर इतकं चिकटलेलं आहे की हद्द कुठे संपते ते पाटी बघूनच कळतं. अक्षांश जवळपास ५९ उत्तर, म्हणजे ग्रीनलंडचं दक्षिण टोक जिथे येतं साधारण तिथेच. तरी इथला समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या थोडंसं वरच असतं. बर्फ पडतो, मुलं नाचतात, दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. जुलैची सरासरी १५ अंशांच्या आसपास. २५ च्या वर पारा गेला की अख्खं गाव समुद्रात उतरलेलं दिसतं.

दक्षिणेकडचा यॅरेनचा पट्टा सपाट आहे: दगडी गडगे, गाईंची कुरणं आणि सोला, बोरे, ओर्रे असे वाळूचे लांबच लांब किनारे. गडगे बघून मला थेट कोकण आठवलं. हिमनद्यांनी आणून टाकलेले धोंडे शेतातून उचलून उचलून बांधावर रचलेत, त्यामुळे हे काम किती पिढ्यांचं असेल ते दिसतंच. पूर्वेकडे मात्र एकदम र्‍युफिल्केचे डोंगर आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेले समुद्राचे फाटे, सुरू होतात. उत्तरेला बेटं. त्यातली फिन्नोय आणि रेन्नेसोय २०२० पासून स्टावांगर नगरपालिकेतच आली. तिथे काचघरांत टोमॅटो पिकतात. दुकानात त्या बेटांचं नाव दिसलं तर तेच घ्या, हॉलंडचे निर्जीव टोमॅटो सोडून द्या.

कंपनीचं ऑफिस बहुधा फोरुसला असेल. स्टावांगर, सोला आणि सान्नेस यांच्या मधोमध ऑफिसांचं हे जंगल आहे. घर शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

## २. निघण्याआधी: फाईल

निवास परवाना भारतातूनच मिळवून यायचं आहे. परवान्यासाठी जे कागद लागतात त्यांची यादी अर्जासोबतच मिळते. मी खाली दिलेली यादी आल्यानंतर लागणाऱ्या कागदांची आहे. हे मूळ प्रतींसह हातातल्या सामानात ठेवा:

- सगळ्यांचे पासपोर्ट आणि परवाना मंजूर झाल्याची पत्रं
- नोकरीचा करार
- घराचा भाडेकरार, आधीच झाला असेल तर
- विवाह नोंदणीचा दाखला, अपोस्टीलसह (म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का)
- मुलांचे जन्मदाखले, अपोस्टीलसह
- पदवी प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका
- मुलांच्या लसीकरणाची नोंदवही
- चालू औषधांची चिठ्ठी, इंग्रजीत

अपोस्टीलला वेळ लागतो. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हे नॉर्वेत बसून करायचं म्हटलं तर कोणाला तरी मूळ दाखला घेऊन गावोगाव फिरवावं लागतं. माझ्या दिराने ते केलं, आणि अजून ऐकवतो.

मराठी माणूस या कागदांत चार ठिकाणी हमखास अडकतो. एक, जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांचं असतं. ते आधी नगरपालिकेत घालून घ्या. दोन, दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. तीन, बायकोचं पासपोर्टवरचं आडनाव आणि विवाह दाखल्यावरचं आडनाव वेगळं असतं. चार, आपलं मधलं नाव. पासपोर्टमध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आणि नॉर्वेचं लोकसंख्या रजिस्टर ते जसंच्या तसं पहिलं नाव म्हणून उचलतं. इथे सगळे एकमेकांना पहिल्याच नावाने हाक मारतात. परिणामी दवाखान्यात मला नवऱ्याच्या नावासकट पुकारलं गेलं आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. नाव कसं नोंदलं जातंय ते पहिल्याच भेटीत नीट तपासा.

## ३. बॅगेत काय, काय नाही

तूप, पेढे, खवा, पनीर, सुकं मटण, यातलं काही आणू नका. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप घरीच कढवता येतं, फक्त लोणी घेताना 'उसाल्तेत', म्हणजे बिनमिठाचं, बघून घ्या. नेहमीचं लोणी खारट असतं. माझं पहिलं तूप खारट झालं होतं आणि पुरणपोळीवर ते कसं लागतं ते विचारू नका.

आणायचं ते: गोडा मसाला, हिंग, आमसुलं, पोह्यांचा थोडा साठा. डाळ-तांदूळ-पिठं आशियाई आणि तुर्की किराणा दुकानांत मिळतात, त्यांचं वजन उचलू नका. कुकर आणि तवा आणणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचे आणा. बहुतेक नव्या घरांत इंडक्शन असतं, आणि हिंडालियमची कढई त्यावर ढिम्म तापत नाही.

## ४. आल्यावरचा क्रम

हा क्रम पाठ करा. एक पायरी आधी-नंतर झाली की पुढचं सगळं लटकतं.

पोलीस. आल्यापासून सात दिवसांत हजर राहायचं असतं. वेळ आधीच, भारतात असतानाच, ऑनलाइन घेऊन ठेवा. बोटांचे ठसे आणि फोटो होतात, मग निवास कार्ड टपालाने येतं. स्टावांगरमध्ये परदेशी कामगारांसाठी पोलीस आणि करखातं यांचं एकत्र सेवा केंद्र आहे, त्याला 'सुआ' म्हणतात. दोन्ही कामं तिथेच होत असतील तर एकाच दिवशी उरका.

करखातं. नॉर्वेत लोकसंख्येची नोंदही करखात्याकडेच आहे. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर स्थलांतराची नोंद करायची, म्हणजे अकरा आकडी राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. घरातल्या प्रत्येकाने प्रत्यक्ष जायचं, तान्ह्या बाळानेसुद्धा. थोड्या काळासाठी आलेल्यांना 'डी-नुम्मर' हा तात्पुरता क्रमांक मिळतो. त्यावर नोकरी करता येते, पण बऱ्याच ठिकाणी त्याने काम अडतं.

याच भेटीत 'स्काट्टेकोर्ट', म्हणजे करकार्ड, मागा. ते पगाराच्या आधी तयार नसेल तर कंपनीला पगारातून सरळ ५० टक्के कर कापावा लागतो. पैसे नंतर जुळून येतात, पण पहिल्याच महिन्यात निम्मा पगार हातात आल्यावर घरात काय वातावरण असतं ते मी बघितलं आहे.

बँक आणि बँकआयडी. ओळख क्रमांक आला की बँक खातं, खातं झालं की बँकआयडी. हा बँकआयडी म्हणजे इथलं आधार आणि ओटीपी एकत्र. डॉक्टर निवडणं, बालवाडीचा अर्ज, विजेचा करार, सगळं त्यावर चालतं. शेजाऱ्याला वीस क्रोनर द्यायचे तरी व्हिप्स हे पैसे पाठवायचं ॲप लागतं, आणि व्हिप्सच्या आधी बँक. यात काही आठवडे जातात, तोवर पुरेल अशी सोय भारतातल्या कार्डावर ठेवा.

टपालपेटी. हसू नका, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. दारातल्या टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. निवास कार्ड, बँकेचं कार्ड, सगळं. घरमालकाच्या नावाची पाटी पुरत नाही. आमचं एक कार्ड असंच परत गेलं आणि आम्ही तीन आठवडे दुसऱ्यांना दोष देत बसलो. कागदावर नाव लिहून पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवा, पहिल्या दिवशी, चहाच्या आधी.

## ५. घर

भाड्याची घरं 'फिन' या संकेतस्थळावर असतात. शहराच्या मध्याजवळ स्टोरहाउग आणि वोलान्द, पश्चिमेला मादला, पुलापलीकडे हुन्दवोग. सान्नेसला तेवढ्याच पैशांत जागा मोठी मिळते, आणि लोकल गाडी दोन्ही शहरं जोडते.

अनामत रकमेचा नियम घट्ट धरून ठेवा: ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते, सहसा तीन महिन्यांची घेतात, आणि ती तुमच्या नावाच्या वेगळ्या अनामत खात्यात जाते. घरमालकाच्या खाजगी खात्यात कधीही नाही. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी पैसे पाठवा' असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे, मग फोटो कितीही सुंदर असोत. तुमचं बँक खातं व्हायचं असेल तर कंपनी हमी देते का ते विचारा.

करार करताना दोन प्रश्न. वीज भाड्यात धरली आहे का? इथे घर विजेवरच तापतं, आणि दक्षिण नॉर्वेत वीज उत्तरेपेक्षा सहसा महाग असते. आणि उष्णता पंप आहे का? असेल तर बिलात चांगलाच फरक पडतो.

फोडणीबद्दल एक सावधगिरी. प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतोच, आणि मोठ्या इमारतींत तो सगळ्या मजल्यांना जोडलेला असू शकतो. लाल मिरचीची फोडणी द्यायच्या आधी चिमणी पूर्ण वेगाने सुरू करा, खिडकी उघडा, आणि जिन्याकडचं दार मात्र उघडू नका. धूर जिन्यात गेला की सगळी इमारत चपला न घालता अंगणात. आमची इमारत माझ्या तडक्यामुळे एकदा आली होती. ओळखी मात्र त्याच दिवशी झाल्या.

## ६. पाऊस, वारा आणि अंगावरचं

चिपळूणला एकट्या जुलैत जितका पाऊस कोसळतो, जवळपास तितकाच इथे अख्ख्या वर्षात पडतो. मग तक्रार कसली? तर तो बारा महिन्यांत वाटून, आडवा पडतो. आपला पाऊस येतो, धुऊन काढतो, गणपतीनंतर निरोप घेतो. इथला पाऊस निरोप घेत नाही. शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला तो मुक्कामालाच असतो, एप्रिल-मे त्यातल्या त्यात कोरडे.

'वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात' हे वाक्य तुम्हाला इथे प्रत्येक जण पहिल्यांदाच सांगतोय अशा आविर्भावात सांगेल. चिडू नका, त्यात तथ्य आहे.

- अंगालगत पातळ लोकर. सुती कपडा ओला झाला की थंड पडतो, लोकर ओली असली तरी ऊब देते. मेरिनो लोकर टोचत नाही.
- मध्ये फ्लीस किंवा स्वेटर.
- वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, टोपी जोडलेली. पावसाळी पँटसुद्धा. तिच्याशिवाय गुडघ्याखाली काही खरं नाही.
- पाणी न शिरणारे बूट. आणि बुटाला खालून अडकवायचे खिळे, 'ब्रोडर'.

या ब्रोडरबद्दल जास्त सांगते. इथे रात्री शून्याखाली आणि दिवसा वर असा खेळ चालतो. पडलेला पाऊस पहाटे काचेसारखा गोठतो. पाय मोडतात ते डोंगरावर नाही, दारापासून बसथांब्यापर्यंतच्या उतारावर. एक जोडी पिशवीत कायम ठेवा.

छत्री घरीच राहू द्या. वादळाची सूचना आली की कचऱ्याचे डबे बांधा, बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. इथे वाऱ्यात उडणारी हमखास वस्तू म्हणजे मुलांच्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिन. त्या खरोखर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. हवामान बघायला 'इर' हे ॲप. पाऊस तासातासाने दाखवतं, आणि वाऱ्याचा रकानाही वाचायची सवय लावा.

सगळं भारतातून आणू नका. बाहेरचं जाकीट आणि लोकरी कपडे इथे जानेवारीच्या सेलमध्ये किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात घ्या. मुलांचे वापरलेले पावसाळी सूट फिनवर मातीमोल मिळतात, आणि बालवाडीत प्रत्येक कपड्यावर नाव लागतं. पाऊस आहे म्हणून मुलांना आत ठेवणारी बालवाडी इथे सापडणार नाही. पहिले दोन महिने माझा जीव खालीवर व्हायचा. नंतर लक्षात आलं की चिखलाने माखलेलं पोर रडत नाहीये, आपणच रडतोय.

## ७. अंधाराची तयारी

डिसेंबरच्या शेवटी दिवस सहा तासांच्या आसपास असतो, आणि ढगांमुळे ते सहा तास संध्याकाळच वाटते. पहिला हिवाळा नवलाईत जातो. दुसरा जड जातो, हे जवळजवळ प्रत्येक भारतीय कुटुंबाकडून मी ऐकलं आहे.

ड जीवनसत्त्व घ्या. नॉर्वेजियन माणसं 'ट्रान', म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, घेतात. ज्या महिन्यांच्या नावात 'र' येतो, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, त्या महिन्यांत रोज एक चमचा असा घरगुती नियम आहे. शाकाहारी असाल तर गोळ्या मिळतात. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

दुपारी बारा ते एक बाहेर पडा, कितीही कंटाळा आला तरी. स्टोक्काव्हान्नेत तळ्याभोवतीची वाट त्यासाठी उत्तम. आणि कोटावर परावर्तक पट्टी लावा, मुलांच्या दप्तरालासुद्धा. काळ्या कोटातला माणूस पावसाळी अंधारात गाडीवाल्याला दिसत नाही.

घरात एकच पांढरी ट्यूबलाइट लावून बसू नका. इथली माणसं खिडकीखिडकीत छोटे पिवळे दिवे ठेवतात, पडदे उघडे, नाताळच्या आधी कागदी तारे. आपण दिवाळीला लावलेले आकाशकंदील आणि माळा फेब्रुवारीपर्यंत राहू द्या. शेजारी कौतुकच करतील.

जूनमध्ये उलटं. दिवस अठरा तासांचा आणि रात्रही पूर्ण काळी होत नाही. जाड पडदे लावा, नाहीतर मुलं अकरा वाजता विचारतात, 'अजून उजेड आहे, झोपायचं कशाला?'

## ८. दवाखाना, गाडी, दुकानं: थोडक्यात

ओळख क्रमांक मिळाला की 'हेल्सेनोर्गे' या सरकारी आरोग्य संकेतस्थळावर आपला ठरलेला डॉक्टर, 'फास्टलेगे', निवडा. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, याच्याच चिठ्ठीने जायचं. रात्रीबेरात्री तातडीचं असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११३, पोलीस ११२, आग ११०. तापाला 'पाणी प्या, पॅरासिटामोल घ्या' एवढंच सांगून परत पाठवतील. याला हलगर्जीपणा समजू नका, अँटिबायोटिक इथे हात राखून देतात.

भारतीय वाहन परवान्यावर तीन महिनेच गाडी चालवता येते. मग प्रशिक्षण आणि परीक्षा पहिल्यापासून, आणि तो खर्च डोळे पांढरे करणारा आहे. सुरुवातीला कोलुम्बुस या इथल्या बससेवेच्या बसेस आणि सायकल पुरते.

रविवारी मोठी दुकानं बंद असतात. दुकानात बिअर साध्या दिवशी रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंतच मिळते. त्याहून कडक काही हवं तर विनमोनोपोल, म्हणजे सरकारी दारूचं दुकान. प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नका, यंत्रात टाकल्या की पैसे परत मिळतात.

## ९. मासळी

आता माझ्या आवडीचा भाग. तेल सापडण्याआधी हे गाव मासळीवर जगत होतं. धूर दिलेले छोटे मासे डब्यात भरून जगभर पाठवणारे कारखाने इथे होते. डब्यावरच्या रंगीत लेबलाला स्थानिक बोलीत 'इद्दिस' म्हणतात, आणि जुन्या गावातल्या संग्रहालयाचं नावही तेच आहे. ते संग्रहालय बघा, आणि मग गाम्ले स्टावांगरच्या पांढऱ्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून चाला. घरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, पण आत माणसं राहतात. खिडकीला नाक लावू नका.

मग १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क इथे तेल लागलं. १९७२ मध्ये सरकारी तेल कंपनीचं मुख्यालय स्टावांगरला द्यायचं ठरलं आणि गावाचं नशीब पालटलं. बंदरावरचं तेल संग्रहालय मुलांना फार आवडतं. तेलाने घेतलेलंही या गावाला ठाऊक आहे. २७ मार्च १९८० रोजी अलेक्झांडर किलान्द हा तरंगता तळ उलटला आणि १२३ माणसं गेली. समुद्राकाठी तुटलेल्या साखळीच्या कडीचं स्मारक आहे. ऑफशोअर कामावर जाणारं माणूस घरात असेल तर एकदा तिथे जाऊन या.

खायचं म्हणाल तर उन्हाळ्यात बांगडा, 'माक्रेल'. आपल्या बांगड्याचा तो चुलतभाऊ, अंगाने मोठा आणि चरबीने भरलेला. तिखल्याला तेल निम्मं घाला, तो स्वतःच सोडतो. समुद्रात गळाने मासे धरायला परवाना लागत नाही, धक्क्यावर उभं राहून धरता येतात. पाच-सहा पिसांचे गळ लावलेली दोरी टाकायची, बांगड्यांचा थवा आला की एका ओढीत तीन-चार. मात्र नदी-तळ्यात मासे धरायला परवाना लागतो, आणि शेवंडीसाठी नोंदणी लागते.

कोळंबी घेताना फसू नका. वोगेन बंदरात मिळणारी गुलाबी 'रेकेर' बोटीवरच उकडलेली असते. ती सोलून पाव, मेयोनीज आणि लिंबाबरोबर खायची. तिचं कालवण केलंत तर रबर होतं. कालवणासाठी आशियाई दुकानातली गोठवलेली कच्ची कोळंबी घ्या.

स्थानिक पदार्थांत गुरुवारचा 'कोम्ले': बटाट्याचे जड गोळे, खारवलेल्या मटणाबरोबर. एकदा खा. त्यानंतर कुठलंही काम ठेवू नका.

## १०. डोंगर

प्रेकेस्टोलेनचा फोटो तुम्ही पाहिला असेलच: ल्युसेफ्योर्डवर ६०४ मीटर उंच सपाट कडा. पूर्वी फेरीबोट लागायची. २०१९ च्या शेवटी उघडलेल्या, समुद्राखालून जाणाऱ्या १४ किलोमीटरच्या बोगद्यामुळे आता गाडीने किंवा बसने तासाभरात पायथ्याशी पोचता येतं. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चार तास धरा. वाटेवरच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बसवल्या आहेत. सह्याद्रीत हिंडलेल्याला चढ अवघड नाही. अवघड असतो ओला दगड आणि माथ्यावरचा वारा.

वाटेवर लाल रंगात 'टी' अक्षर दिसत राहिलं पाहिजे. खाणं, पाणी, लोकरीचा एक जादा थर, डोक्याचा दिवा. नॉर्वेजियन गिर्यारोहणाच्या नऊ नियमांत एक आहे, वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. पाहुणे भारतातून आलेत आणि फोटो काढायचाच आहे म्हणून ढगांत वर जाणारे मी बघितलेत. तिथे कठडा नाही.

मोकळ्या निसर्गात कोणालाही फिरायचा, तंबू ठोकायचा हक्क आहे. राहत्या घरापासून १५० मीटर दूर, एका जागी दोन रात्री. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी नाही.

## ११. माणसं आणि त्यांची बोली

बसमध्ये तुमच्या शेजारची जागा मोकळी ठेवून माणूस उभा राहील. तुम्ही काहीही केलेलं नाही, ती इथली सभ्यता आहे. ओळख कामातून होते, गप्पांतून नाही. वसंतात इमारतीचा 'डुगनाद' असतो, म्हणजे श्रमदान: पानं झाडायची, कुंपण रंगवायचं, मग कॉफी आणि वाफल. त्याला नक्की जा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे नावाने हाक मारतील. घरात शिरताना बूट बाहेर, हे एक आपल्याला शिकवावं लागत नाही.

भाषेची एक गंमत. वर्गात शिकवतात 'याय', म्हणजे मी. दुकानात ऐकू येतं 'एग'. पुस्तकात काय म्हणजे 'व्हा', इथे सरळ 'का'. वर 'र' घशातून. पहिले सहा महिने मला वाटायचं मी चुकीची भाषा शिकले. तसं नाही, ही 'सिद्दिस' लोकांची, म्हणजे स्टावांगरकरांची, बोली. सोल्व्हबेर्गे या मध्यवर्ती वाचनालयात भाषा कॅफेची चौकशी करा, तिथे चुकत बोलायला कोणी हसत नाही. नोकरीवर आलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला वर्गाचे पैसे बहुधा स्वतः भरावे लागतात, म्हणून करारावर सही करण्याआधी कंपनी देते का ते विचारून घ्या.

बोलायला विषय हवा तर बुद्धिबळ काढा. नॉर्वे चेस ही स्पर्धा २०१३ मध्ये याच भागात सुरू झाली, आणि जून २०२५ मध्ये इथेच आपल्या गुकेशने नॉर्वेच्या कार्लसनला हरवलं, कार्लसनने टेबलावर मूठ आपटली. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये नवऱ्याशी आजवर कधी न बोललेली माणसं बोलायला आली.

आणि १७ मे चुकवू नका. संविधान दिन, पण सैन्य-रणगाडे नाहीत, शाळेची मुलं बँडबरोबर मिरवणुकीने निघतात. बायका-पुरुष आपापल्या परगण्याचा 'बुनाद', म्हणजे पारंपरिक पोशाख, घालतात. आपण नऊवारी किंवा पैठणी नेसावी, सगळ्यांना मनापासून आवडतं. भेटेल त्याला 'ग्रातुलेरेर मे दागेन' म्हणायचं. मुलांना आइस्क्रीम आणि सॉसेज कितीही खायची मुभा असते, त्या दिवशी आईने बोलायचं नाही. पाऊस असला तरी मिरवणूक निघतेच, तेव्हा पैठणीच्या आत लोकरीची विजार घाला. कोणाला दिसत नाही. बुनादवाल्या बायकाही तेच करतात.